तुंबा तापतो तेव्हा

साताऱ्याकडून पुण्याकडे येणारा महामार्ग कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडला, की जांभूळवाडी, आंबेगाव, नऱ्हे या गावांच्या कडेकडेने काही किलोमीटरपर्यंत अखंड उतरत जातो, नवले पुलापाशी शहराच्या दाट वस्तीत शिरतो, वडगाव मागे टाकून मुठा नदी ओलांडतो आणि पलीकडच्या तीरावर वारजे गाठतो. नकाशा पाहणाऱ्यास ही केवळ एक वळणदार रेषा दिसेल. परंतु ज्याने या वाटेने कधी जड ओझे आणले आहे, त्याला हा उतार चाकांची कसून परीक्षा घेणारा आहे हे पुरते ठाऊक असते. वारज्याच्या सर्व्हिस रोडवर थांबलेल्या मालमोटारीच्या चाकाशी कोणी उकिडवे बसून हवा हुंगीत असेल, तर तो काय शोधतो आहे हे अशा माणसास विचारावे लागत नाही.

याच रस्त्याच्या कडेला, वैशाख सरत आलेला असता एका सायंकाळी, माझ्या एका स्नेह्याची फायबरची लहान होडी दोन चाकांच्या ट्रेलरवर उभी होती. ती त्यांनी मालवणास विकत घेतली होती. समुद्रात तरंगत असतानाच ट्रेलर पाण्यात उतरवून तिला त्यावर ओढून घेतले होते. चाकांवर दोन बादल्या गोडे पाणी मारून, दुसऱ्या दिवशी पहाटे निघून, फोंडा घाट चढून, कोल्हापूर आणि सातारा मागे टाकून, खंबाटकीचा बोगदा आणि त्यापुढचा उतार सांभाळून आम्ही कात्रजपर्यंत निर्वेध आलो होतो. घर हाकेच्या अंतरावर आले असता मागून करपल्याचा उग्र वास येऊ लागला. उतरून पाहतो, तो ट्रेलरची दोन्ही चाके हात लावू देईनात. स्नेही प्रवासाने शिणले होते. ब्रेक जाम झाले आहेत, ते सरळ तोडून टाकावेत आणि ट्रेलर बिनब्रेकचा घरी न्यावा, असा त्यांनी तत्काळ फैसला केला. जवळच्या गॅरेजातील वयस्क मिस्त्री तोवर येऊन उभे राहिले होते. त्यांनी पाना हाती घेतला नाही. तांब्याभर पाणी मागवले, बोटे बुडवून आधी डाव्या, मग उजव्या चाकावर चार थेंब शिंपडले, आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, तापलीत दोन्ही, पण दोघांचं दुखणं एक नाही."

घावन घालण्यापूर्वी मालवणी गृहिणी तव्यावर पाणी शिंपडून त्याचा ताव पाहते, तोच हा उपाय. डाव्या चाकाच्या मध्यभागी जे पत्र्याचे टोपण असते, त्यावर थेंब पडताच चर्र होऊन उडाला. त्याच चाकाच्या ब्रेक ड्रमच्या कडेवर मात्र थेंब ओघळला आणि मग सावकाश वाळला. उजवीकडे नेमके उलट घडले: ड्रमच्या कडेवर थेंब टिकेना आणि टोपणावर तो बराच वेळ राहिला. वासही दोन होते. डावीकडे जळक्या तेलाचा, ओशट, कढईत विसरलेल्या तळणासारखा. उजवीकडे कोरडा, तिखट, नाकात झोंबणारा, ब्रेकचा लायनर जळल्याचा. एकाच आसाची दोन चाके, एकच प्रवास, एकच ओझे, आणि तरीही एकाचा विकार बेअरिंगचा, दुसऱ्याचा ब्रेकचा. हे दोन विकार परस्परांहून सर्वस्वी निराळे असून त्यांची गल्लत झाली, की माणूस ब्रेक तोडतो आणि बिघडलेले बेअरिंग तसेच राहते, किंवा बेअरिंगमध्ये ग्रीस कोंबतो आणि चिकटलेला ब्रेक तसाच जळत राहतो. चाक तापले असता हत्यार उचलण्यापूर्वी उष्णतेचे उगमस्थान निश्चित केले पाहिजे, एवढी एकच गोष्ट मला या प्रकरणात पटवून द्यावयाची आहे; बाकीचे सर्व तिच्या अनुषंगाने येईल.

ही तपासणी वाहन थांबल्या क्षणी झाली पाहिजे. ड्रम आणि तुंबा, म्हणजे चाकाचा मधला हब, हे पुष्कळदा एकाच बिडाच्या ओतकामाचे असतात, आणि धातूतून उष्णता वाहत जाते. चहापाणी उरकून पंधरा-वीस मिनिटांनी हात लावणाऱ्यास सगळे चाक सारखेच तापलेले आढळते आणि पुरावा नाहीसा झालेला असतो. हाताचा पंजा टेकण्यापेक्षा मागची बाजू प्रथम जवळ न्यावी, म्हणजे भाजण्याचे भय कमी. चांगल्या स्थितीतील तुंबा लांबच्या प्रवासानंतर कोमट ते चांगला गरम असा असतो, आणि त्यावर हात काही सेकंद ठेवता येतो. तो ठेवता आला नाही, तर संशयास जागा आहे. त्याहून भरवशाची कसोटी म्हणजे तुलना. एक चाक दुसऱ्याहून स्पष्टपणे अधिक तापले असेल, तर अंश मोजण्याची गरज उरत नाही. मोजावयाचेच असेल, तर दुरून तापमान सांगणारे इन्फ्रारेडचे लहान यंत्र आता कोणत्याही हत्यारांच्या दुकानी मिळते. तुलना करताना उन्हाचा हिशेब मात्र धरावा. कात्रजहून वारज्याकडे येताना वाहनाची डावी बाजू पश्चिमेस असते, आणि मे महिन्याच्या सायंकाळी त्या बाजूची चाके निर्दोष असूनही थोडी अधिक तापलेली लागतात.

घर्षणापासून उष्णता उत्पन्न होते हे आपल्या पूर्वजांस अरणीमंथनापासून ठाऊक होते. परंतु ती किती उत्पन्न होते आणि कोठून येते, याचा शास्त्रीय विचार अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. म्युनिक येथील शस्त्रागारात तोफा कोरल्या जात असता त्या विलक्षण तापतात, हे पाहून काउंट रम्फर्ड याने बोथट पात्याखाली फिरणारे तोफेचे ओतकाम पाण्यात बुडवून ठेवले, घोड्यांकरवी यंत्र फिरविले, आणि अडीच तासांनी ते पाणी विस्तवावाचून उकळू लागले. १७९८ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगावरून त्याने असे प्रतिपादन केले, की उष्णता हा कोणी पदार्थ नसून ती गतीचेच एक रूप आहे. आपल्या ट्रेलरचा ब्रेक हे त्या प्रयोगाचे धाकटे भावंड होय. दीड टन वजनाचा ट्रेलर ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता त्याच्या ठायी सुमारे दोन लक्ष जूल इतकी गतिज ऊर्जा असते. तो ब्रेकने थांबविला, की ती सर्व उष्णता होऊन ड्रममध्ये उतरते, आणि तिच्यात पाऊण लिटरास थोडे कमी इतके पाणी उकळीस येईल. हे एका थांबण्याचे झाले. तोच ट्रेलर उभ्या मापाने १०० मीटर खाली उतरला, तर तब्बल चौदा-पंधरा लक्ष जुलांची विल्हेवाट लावावी लागते, म्हणजे ताशी ६० च्या वेगावरून सात वेळा थांबविल्याइतकी. यातील काही भाग हवा घेते, काही टायर घेतात, काही पुढच्या गाडीचे इंजिन घेते; उरलेला निमूटपणे ब्रेककडे येतो. चाळीस टनांची मालमोटार घेतली, तर त्याच १०० मीटरांच्या उताराची उष्णता सव्वाशे लिटर पाणी उकळविण्यास पुरेल. नवले पुलाच्या उताराविषयी पुढे लिहावयाचे आहे, तेव्हा हा आकडा ध्यानी असावा.

प्रथम डाव्या चाकाकडे वळू. ज्याला आज सर्वजण हब म्हणतात, त्यास आपल्या गाडीवानांचा जुना शब्द तुंबा. बैलगाडीच्या तुंब्यात सर्व आरे येऊन मिळत, त्याच्या छिद्रातून कणा जाई आणि त्या दोहोंमध्ये वंगण असे. त्यास ओंगण असेही म्हणत, आणि गाडी ओंगणे हे प्रवासाच्या तयारीचे पहिले काम असे. वंगण संपले, की चाक करकरू लागे, आणि गाडीचा वेग बैलाच्या चालीचा असल्यामुळे करकर ऐकून थांबण्यास सवड मिळे. ट्रेलरच्या चाकाची गोष्ट निराळी. ते मोटारीच्या चाकाहून लहान असते आणि म्हणून तेवढेच अंतर कापण्यास त्याला अधिक फेऱ्या घ्याव्या लागतात. अर्धा मीटर व्यासाचे चाक ताशी ६० किलोमीटर वेगाला मिनिटास सव्वासहाशेच्या वर फेऱ्या घेते. ओढणाऱ्या मोटारीच्या बंद काचांआड त्याचा आवाज कोणास ऐकू येत नाही. जे दुखणे गाडीवानाला कानाने कळत असे, ते आपल्याला नाकाने कळते, आणि पुष्कळदा फार उशिरा कळते.

या तुंब्यात दोन बेअरिंगे असतात, आतील थोरले आणि बाहेरील धाकटे. त्यांचे रोलर एका टोकाकडे निमुळते असून ते कोन आणि कप या दोन पोलादी कड्यांमध्ये लोळतात. सेंट लुईस येथील घोडागाड्यांचा कारखानदार हेन्री टिमकेन याने १८९८ साली या निमुळत्या रोलरांचे पेटंट घेतले. सरळ रोलर वरून येणारा भार पेलतो, परंतु वळणावर चाकाला बाजूने जो रेटा बसतो तो त्याला सोसत नाही. निमुळता रोलर दोन्ही पेलतो, आणि म्हणून सव्वाशे वर्षे लोटली तरी ट्रेलरच्या चाकात तोच नांदतो आहे. मात्र त्याची एक अट आहे. आसाच्या टोकावरील नट जो कसावयाचा, तो अतिशय नेमका कसला पाहिजे. नट घट्ट झाला तर रोलर कपाशी दाबले जाऊन तापतात. सैल राहिला तर चाक डगमगते, भार मोजक्याच रोलरांवर पडतो आणि तेही तापतात. चाक हाताने फिरवीत नट कसावा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग तो पूर्ण ढिला करून केवळ बोटांनी पुन्हा फिरवावा, आणि स्प्लिट पिन जेथे सहज बसेल तेथे थांबावे. उरणारी फट साध्या कागदाच्या जाडीहून अधिक नसावी. नवशिका मनुष्य चाक निसटेल या भयाने लांब पाना लावून हा नट आवळतो. त्याची भीती समजण्यासारखी आहे, परंतु चाक निसटू नये याचा बंदोबस्त नटाच्या घट्टपणाने नव्हे, तर त्या लहानशा पिनेने होत असतो.

होडीच्या ट्रेलरला आणखी एक शत्रू आहे, आणि तो इतर कोणत्याही ट्रेलरला सहसा नसतो. होडी पाण्यात सोडण्यासाठी चाके बुडवावी लागतात. प्रवासाने तुंबा ७० अंशांपर्यंत तापला आहे, आत ग्रीसबरोबर थोडी हवा कोंडलेली आहे, आणि आपण तो २५ अंशांच्या पाण्यात एकाएकी बुडविला, तर ती हवा आकसते. तिचा दाब सुमारे एक अष्टमांशाने घटतो, आणि ही तूट भरून काढण्यासाठी तुंबा मागच्या बाजूच्या ऑइल सीलच्या ओठाखालून पाणी आत ओढून घेतो. तापलेल्या तुंब्याला तहान लागते, असे म्हटले तर ते शब्दशः खरे होईल. नदीचे पाणी आत गेले तरी वाईटच. समुद्राचे गेले, तर चाक स्थिर उभे असताना प्रत्येक रोलरखाली गंज आपली रेघ उमटवू लागतो. या कारणास्तव किनाऱ्यावर पोहोचताच होडी पाण्यात लोटण्याची घाई करू नये. अर्धा-पाऊण तास थांबावे, दोर, वल्ही, इंजिन यांची व्यवस्था लावावी, आणि टोपणावर हात ठेवून ते निवले आहे अशी खात्री पटल्यावरच चाके बुडवावीत. स्प्रिंगच्या साह्याने आतील ग्रीसवर सतत किंचित दाब ठेवणारी टोपणे मिळतात, आणि ती उपयुक्तही आहेत. परंतु त्यांत ग्रीस भरताना हात आवरला नाही, तर तेच ग्रीस मागचे सील फोडून ब्रेकच्या लायनरवर जाते, आणि लायनरला एकदा ग्रीस लागले की तो बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी सकाळी डावा तुंबा उघडला, तेव्हा हे सर्व वर्णन पुस्तकातून उठून डोळ्यांपुढे आल्यासारखे झाले. टोपण काढताच आतून जे बाहेर आले, ते ग्रीस म्हणून ओळखू येईना. नुकत्याच घुसळलेल्या लोण्यासारखे पांढुरके, फसफसलेले, आणि बोटावर घेतले तर पाण्याचा थेंब निराळा होऊन घरंगळणारे. ग्रीस आणि पाणी एकजीव झाल्याची ही खूण. आतील मोठे बेअरिंग त्यांनी रॉकेलमध्ये धुऊन उन्हात धरले. कपाच्या आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर, रोलरांच्या अंतराने अंतराने, नखाला लागतील अशा काळपट रेघा उठल्या होत्या, आणि कोनाच्या कडेला निळसर जांभळी झाक आली होती. ही झाक वाचता आली पाहिजे. तापत जाणारे पोलाद २२० अंशांच्या आसपास वाळल्या गवतासारखे पिवळे होते आणि ३०० च्या सुमारास निळे. बेअरिंगच्या पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी त्याहून पुष्कळ कमी उष्णतेवर उतरू लागते, म्हणून निळे झालेले बेअरिंग कितीही चांगले फिरत असले, तरी त्याची कठीणता गेली असे समजून ते टाकून द्यावे. लिथियम साबणाचे साधे ग्रीस १८० ते २०० अंशांच्या दरम्यान पातळ होऊन गळू लागते, हेही येथे सांगितले पाहिजे. त्या सायंकाळचा तळणासारखा वास त्याचाच होता.

मिस्त्रींनी कोनावरील क्रमांक कागदावर उतरवून दिला, आणि मी नाना पेठेत जाऊन कोन व कप यांची जोडी घेऊन आलो. केवळ कोन बदलून जुना कप ठेवण्याचा मोह पुष्कळांना होतो, कारण कप तुंब्यात ठोकून बसविलेला असतो आणि तो काढणे कष्टाचे असते; परंतु जुन्या कपावरील रेघा नव्या रोलरांना लवकरच खराब करतात. बेअरिंगमध्ये ग्रीस भरण्याची त्यांची रीत मी मन लावून पाहिली. डाव्या तळहातावर लिंबाएवढा गोळा घेऊन, उजव्या हाताने बेअरिंगची रुंद कड त्या गोळ्यावर पुनःपुन्हा दाबीत आणि ओढीत ते ग्रीस आत रेटीत होते, आणि निमुळत्या बाजूने प्रत्येक दोन रोलरांमधून ग्रीसची बारीक वळवटी बाहेर आली, म्हणजेच ती जागा भरली असे मानून बेअरिंग किंचित फिरवीत होते. बोटाने वरून माखलेले ग्रीस रोलरांपर्यंत पोहोचतच नाही. जुने ग्रीस त्यांनी शेवटच्या कणापर्यंत पुसून काढले होते, आणि त्याला कारण आहे: लिथियमच्या ग्रीसमध्ये बेंटोनाइट मातीच्या आधारावर बनविलेले ग्रीस मिसळले, तर दोन्ही चांगली असूनही मिश्रण पातळ होऊन वाहून जाते. वंगण बदलताना डब्यावरील मजकूर वाचण्याचा आळस फार महाग पडतो.

आता उजवे चाक. होडीच्या ट्रेलरचे ब्रेक बहुधा चालकाच्या पायाशी जोडलेले नसतात. पुष्कळ हलक्या ट्रेलरांना तर ते असतच नाहीत. ज्यांना असतात, त्यांपैकी एका प्रकाराची रचना चतुराईची आहे. पुढची मोटार मंदावली, की मागचा ट्रेलर आपल्याच वजनाने पुढे रेटला जातो. जोडणीच्या दांड्यातील सरकता भाग आत जातो, तो मास्टर सिलिंडर दाबतो, आणि चाकांतील ब्रेक लागतात. जितका रेटा अधिक, तितका ब्रेक अधिक. सपाट रस्त्यावर ही व्यवस्था उत्तम चालते. लांब उतारावर मात्र तिचा एक स्वभाव उघड होतो: उतार असेपर्यंत ट्रेलर सतत पुढच्या मोटारीवर रेलत राहतो, आणि म्हणून त्याचे ब्रेक कमीअधिक प्रमाणात सतत लागलेले असतात. चालकाने पाय उचलला तरी ते सुटत नाहीत. गिअर खालचा टाकून इंजिनाने वेग धरला, तरी ट्रेलर त्या धरलेल्या मोटारीवर रेलतोच. अशा वेळी एकच उपाय परिणामकारक ठरतो, तो म्हणजे उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करणे. दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता वेगाच्या प्रमाणात असते. अर्ध्या वेगाने उतरल्यास उष्णता एकंदरीने फारशी कमी होत नाही, परंतु ती दुप्पट वेळात पसरते, आणि ड्रमला वाऱ्यावर निवण्यास अवधी मिळतो.

हा अवधी मिळाला नाही तर काय होते, ते नवले पुलाने पुण्याला अनेकदा दाखविले आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री या उतारावरून आलेल्या एका मालमोटारीने सुमारे ४८ वाहनांना धडक दिली. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच परिसरात झालेल्या दुसऱ्या अपघातात माणसे वाहनांसह जळाली. ज्या रस्त्याने आपली मुले शाळा-महाविद्यालयांत जातात, त्यावर असे घडावे याचा विचार मनाला फार क्लेश देतो. डिझेल वाचविण्याकरिता उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे किंवा इंजिनच बंद करणे, ही वहिवाट या भागातील अपघातांच्या चौकशीत पुनःपुन्हा पुढे आलेली आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध जातो आणि उताराची सर्व उष्णता ब्रेकवर येते; इंजिन बंद केले तर हवेच्या ब्रेकांना दाब पुरविणारा कॉम्प्रेसरही थांबतो. ड्रम तापून प्रसरण पावतो आणि लायनरपासून दूर सरतो. लायनरमधील बंधक द्रव्य जळून वायूचा थर निर्माण होतो, आणि पायाखाली पॅडल असूनही गाडी धरत नाही. वाचविलेले डिझेल लिटराच्या अंशात मोजण्याइतके, आणि त्यापायी सोडलेला भार सव्वाशे लिटर पाणी उकळविण्याइतका, हा हिशेब प्रत्येक चालकाच्या परवान्याबरोबर त्याच्या हाती द्यावा असे मला मनापासून वाटते.

ट्रेलरचा उजवा ब्रेक केवळ उतारामुळे तापला असता, तर डावाही तितकाच तापावयास हवा होता. तो तापला नव्हता. म्हणजे उजव्याच चाकात कोठेतरी ब्रेक सुटत नव्हता. मिस्त्रींनी चाक जॅकवर उचलले आणि फिरवून पाहिले; ते दोन्ही हातांनीही फिरेना. मग त्यांनी ब्रेकमधील हवा काढण्याचे जे निपल असते, ते पाव फेरा सैल केले. काळसर तपकिरी ब्रेक ऑइलची एक चिळकांडी उडाली, आणि चाक मोकळे होऊन आपल्याच भाराने हळूच अर्धा वेढा फिरले. या एका कृतीने निदानाचे दोन रस्ते झाले. निपल सैल करूनही चाक अडलेलेच राहते, तर दोष यांत्रिक मानावा: गंजलेली हातब्रेकची दोरी, निकामी झालेली परतीची स्प्रिंग, जागेवर चिकटलेला व्हील सिलिंडर, किंवा प्रमाणाबाहेर जवळ आणलेले शू. निपल सैल करताच चाक सुटले, तर ब्रेक ऑइलचा दाब कोठेतरी कोंडून राहिला होता. तो दोन्ही चाकांत कोंडला असता, तर मास्टर सिलिंडर किंवा जोडणीचा गंजलेला दांडा संशयास पात्र ठरला असता. एकाच चाकात कोंडला, म्हणजे त्या चाकाकडे जाणारी रबरी नळी.

ती नळी बाहेरून अगदी निर्दोष दिसत होती, आणि म्हणूनच हा दोष मनुष्याला फसवितो. ती काढून त्यांनी ब्लेडने उभी चिरली. आतील रबर फुगून, सोलून, एक लहानशी जीभ लोंबत होती. ब्रेक लागताना ऑइल प्रचंड दाबाने या जिभेला बाजूला सारून चाकाकडे जाते. परत येताना त्याला ढकलणाऱ्या स्प्रिंगा दुबळ्या असतात, आणि जीभ वाट अडवून बसते. नवी नळी घालताना सर्व जुने ऑइलही काढून टाकणे अवश्य होते. ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषते, आणि कोकणच्या दमट हवेत तर विशेषच. डॉट ३ या प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ ची प्रमाणे २३० आणि १५५. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि ब्रेकपर्यंत जोर पोहोचतच नाही. तापलेल्या चाकावर थंड पाणी ओतू नये, हेही या संदर्भात सांगावेसे वाटते. बिडाचा ड्रम एकदम आकसून तडकण्याचा संभव असतो. तसेच तापलेल्या ड्रमवर हातब्रेक ओढून गाडी उभी करू नये. चाकाखाली लाकडी ठोकळा द्यावा आणि ड्रमला मोकळेपणाने निवू द्यावे.

मिस्त्रींनी उजवाही तुंबा उघडून सील बदलून घ्यावे असे सुचविले होते. ते चाक बेअरिंगपाशी तापले नव्हते, आणि स्नेह्यांना होडी पाण्यात पाहण्याची उत्कंठा होती, म्हणून तो सल्ला आम्ही पुढे ढकलला. पुढच्या रविवारी रीतसर परवानगीचा कागद खिशात घेऊन आम्ही खडकवासल्याच्या जलाशयावर गेलो. वारज्याहून अंतर थोडेच, तरी काठावर पाऊण तास थांबलो. दोन्ही टोपणांवर हात ठेवून ती सावलीतल्या दगडासारखी निवली आहेत हे पाहिले, आणि मग ट्रेलर हळूहळू मागे घेतला. चाके बुडताच रिंगेखाली अडकलेली हवा मोठमोठ्या बुडबुड्यांनी वर आली आणि थांबली. डावीकडे पाणी स्वस्थ झाले. उजवीकडे तुंब्याच्या मागच्या अंगाने मोहरीएवढ्या बुडबुड्यांची एक बारीक माळ वर येत राहिली, आणि होडी सुटून काठापासून दोन हात दूर गेली तरी ती तुटली नाही. स्नेह्यांनी ती पाहिली, काही बोलले नाहीत, आणि त्याच सायंकाळी ट्रेलर पुन्हा वारज्याच्या गॅरेजात नेऊन उभा केला.